माझ्या नावाने राखलेली चरबी

सुभद्रामावशीच्या घरातून काहीही बाहेर फेकलं जात नसे. शिवणाच्या चिंध्या, रिकामे डबे, कुणाची मोडकी छत्री, सगळं गाठोड्यात जाई आणि प्रत्येक गाठोडं कुणाच्या तरी नावाचं असे. कशाला ठेवतेस म्हटलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे व, कोनाच्या तरी कामी पडते." आणि खरंच पडायचं, हाच तर वैताग! बारावीच्या प्रॅक्टिकलला मला पांढरा कोट मिळेना, तेव्हा माझ्या गाठोड्यातून तिने कुण्या कंपाउंडरचा जुना कोट काढून दिला होता.

मावशी आमची जानेफळची शेजारीण, अंगणवाडीत मदतनीस. आयुष्यभर उकिडवं बसून पोरांना खिचडी भरवली, त्यात गुडघ्यांची कूर्चा झिजली. "हाडावर हाड घासते बाई, जात्यावानी आवाज येते," म्हणायची. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. मावशीने मनावर घेतलं. भात सोडला, साखर सोडली, पोलकी ढिली पडली.

तेवढ्यात मी सुटीला गावी गेले. "तू पुन्याले नेमकं काय करून राह्यली व?" तिने विचारलं. मी आपलं सोपं करून सांगितलं. पोटाच्या चरबीतल्या पेशी अगदी बारीक पुरचुंड्या बाहेर सोडतात, त्यांत दुसऱ्या पेशींसाठी निरोप असतात. त्या पुरचुंड्या झिजलेल्या सांध्यात सोडल्या तर कूर्चा पुन्हा धरते का, हे आम्ही प्रयोगशाळेत बघतो.

"म्हंजे पेशी जात नाही, नुसती पुरचुंडी जाते?"

"हो."

"अन् पुरचुंडीत काय काय हाये, समदं ठाऊक हाये तुमाले?"

"सगळं नाही."

"मंग कोनतं काम कोन करते, कसं समजते?"

प्रयोगशाळेच्या बैठकीतही हा प्रश्न दर वेळी पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

"पन चरबीनं गुडघा नीट होते, हाव ना?"

"होईल मावशी," मी म्हणाले. होईल! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात गेले तर मावशी दारात बाजेवर बसलेली, पहिल्यापेक्षा जाड. मला बघून उठायला गेली, पण उठता आलं नाही.

"हे काय मावशी? वजन उतरवत होतीस ना?"

तिने पोटावर थाप मारली. "तुह्यासाठी ठेवली. इतकी चांगली चरबी काऊन वाया घालू? काढ अन् घेऊन जाय. माह्ये गुडघे करून उरली तं दुसऱ्या कोनाले दे."

मला हसू फुटलं आणि लगेच रडू. डॉक्टरांनी तिला ऑपरेशनविनाच परत पाठवलं होतं. राग तिचा करू की माझा, काही सुचेना. शेवटी खरं ते सांगितलं, की माणसांसाठी अजून काही तयार नाही, सशांवरच चाललंय, आणि किती वर्षं लागतील तेही ठाऊक नाही.

मावशीने पोटावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "ससे बरे होऊन चालते?"

"चालतात."

"मंग राहू दे. कोनाच्या तरी कामी पडलं."

सांधा किती भरला ते बघायला आम्हाला ससा मारावा लागतो. हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, मला अजून कळत नाही.

त्याच पावसाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि मावशी गेली. भेटायला गेले तेव्हा तिची सून शांती माझ्या नावाचं गाठोडं घेऊन आली. आत फक्त फडक्यात बांधलेलं मूठभर बी.

"लसूणघासाचं हाये," शांती म्हणाली. "आत्याबाई म्हने, तिच्या सशांले पेरून घाल म्हना, चांगले चालतीन."

ते बी अजून माझ्या कपाटात आहे. पेरवत नाही आणि फेकवतही नाही.