सुंदरम्माची घागर आणि प्रभूच्या मुठी

रंगमंचावर मी समुद्र पुष्कळ पाहिला. निळ्या साटिनचं लांबलचक कापड, दोन विंगांत दोन माणसं आणि त्यांनी हलवलेल्या लाटा. आमच्या कंपनीचा मुक्काम सोलापुरात पडला की पहिल्या रांगेतली पोरं त्या लाटांना भिऊन पाय वर घेऊन बसायची. खरं खारं पाणी मात्र मी म्हातारपणी पाहिलं, आणि तेही सोलापुरातच, सात रस्त्याजवळ, माझ्या घरमालकाच्या बैठकीत.

घरमालक म्हणजे प्रभू. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. पन्नाशी उलटलेली, अंगानं किरकोळ. एका जागी बसणं त्याला जन्मात जमलं नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवतानाही त्याचा एक पाय दुकानाच्या पायरीकडे वळलेला असतो. हा माणूस टिकतो तो एकाच ठिकाणी, त्याच्या काचेच्या टाकीसमोर.

टाकीत मासे दोनच. बाकी सगळी मऊ पोवळी. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो. ही तशी नव्हेत. ही जिवंत, मांसल, पाण्यात डुलणारी. एक मोठं, छत्रीसारखं. प्रभूची आई सुंदरम्मा त्याला कुत्र्याची छत्री म्हणते. आणि डाव्या कोपऱ्यात एक झुबका, ज्याच्या देठांच्या टोकांना जणू बोटं आहेत. ती दिवसभर उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. घरात त्यांचं नाव मुठी.

प्रभूचे वडील गुरप्पा अर्धांगानं पडले तेव्हा त्यांची खुर्ची ह्या मुठींसमोर ठेवली होती. उजवा हात आखडलेला. मुठी उघडल्या की तेही बोटं उघडू पाहायचे. करंगळी हलली त्या दिवशी सुंदरम्मा जिना चढून मला साखर द्यायला आली होती. पुढं गुरप्पा गेले, मुठी राहिल्या. म्हणूनच ह्या उन्हाळ्यात त्या मिटल्या आणि उघडेनात, तेव्हा प्रभूच्या तोंडचं पाणी पळालं.

करकंबला मेहुण्याकडे लग्न होतं. तिथून परतल्यावर त्यानं पाहिलं तर मुठी आवळलेल्या, छत्री सुरकुतलेली. आपल्याकडच्या उन्हात टाकीतलं पाणी भराभर उडतं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं; म्हणून रोज वरून बिनमिठाचं, आरओच्या मशीनमधून गाळलेलं पाणी घालावं लागतं. ते पांढऱ्या कॅनमध्ये भरून ठेवण्याचं काम लग्नाला जाताना त्यानं आईवर सोपवलं होतं. परतल्यावरही ते तिच्याकडेच राहिलं.

त्यानं मीठ तपासलं, बरोबर. पाण्याची उष्णता, बरोबर. पंप, दिवे, सगळं बरोबर. मग त्यानं माणसं तपासायला घेतली.

"डासांचा फवारा मारलास का इथं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मारला असता तर आधी तुम्हीच पडला असता," भुवनेश्वरी म्हणाली. "दुकान सोडून इतक्या चकरा मारता. गिऱ्हाइकांना वाटत असेल, ह्यांचं पोट बिघडलंय."

"काका, तुमचं अत्तर?"

"बाबा रे, अत्तर लावून मी आता कुणाच्या दारात जाऊ?"

"अव्वा, पाणी मशीनचंच भरतीस न्हवं?"

"मग कुठलं भरू?" सुंदरम्मा म्हणाली. "तूच सांगितलंस की."

ती खोटं बोलत नव्हती.

प्रभू मात्र रोज सुकत चालला. जेवताना उठायचा, भिंग घेऊन काचेला नाक लावायचा, परत ताटावर यायचा, तोवर भाकरी गार. गल्लीत दुपारी त्याच्या स्कूटरचा आवाज आला की मीच वरून विचारायचो, "काय रे?" तो फक्त मान हलवायचा.

सोमवारी सकाळी मी खाली चहाला गेलो. सुंदरम्माची पूजा आटोपली होती. चिंचेनं घासलेली तिची तांब्याची घागर उन्हात अशी झळकत होती की आमच्या दरबाराच्या प्रवेशाला शोभावी. घागर कडेवर घेऊन ती कॅनमध्ये पाणी ओतत होती, एक थेंब सांडू न देता. मला ते दृश्य आवडलं. दुपारी चष्म्याची काडी आवळायला दुकानात गेलो तेव्हा मी प्रभूला ते कौतुकानं सांगितलं.

त्याचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "घागर? तांब्याची?"

"मग काय, आमच्या नाटकातल्या पुठ्ठ्याची?"

त्यानं मला तसंच, काडीविना, स्कूटरवर बसवलं. वाटेत ओरडून सांगत होता, पण मला निम्मंच ऐकू आलं. माणसाला तांबं मानवतं, पोवळ्यांना ते विष. गाळलेलं कोरं पाणी रात्रभर घागरीत राहिलं की तांबं उतरवून घेतं. म्हणजे ती रोज थोडंथोडं विष घालत होती, तेही हळद-कुंकू वाहिलेल्या घागरीतून.

घरी पोचल्यावर मात्र तो थेट टाकीकडे गेला. कॅन मोरीत ओतला, घागर उचलून माळ्यावर ठेवली, टाकीतलं पाणी बदलायला घेतलं, विष शोषणारी कोळशाची पिशवी आत सोडली. आईकडे बघेना.

"माझी घागर कुटं ठेवलीस?" सुंदरम्मानं विचारलं.

तो टाकीभोवती फिरत राहिला.

"प्रभ्या, घागरीत काय खोट हाय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो तसं. आयुष्यभर मी कितीकांना विंगेतून वाक्यं पुरवली. त्या वेळी मी माझा एका काडीचा चष्मा पुसत राहिलो. शेवटी त्यानंच सांगितलं, टाकीतल्या पाण्याकडे बघत.

सुंदरम्मा गुरप्पांच्या खुर्चीत बसली.

"मशीनचं पाणी मेलेलं असतंय," ती म्हणाली. "चव न्हाय, जीव न्हाय. तांब्यात ठेवलं की जीव येतोय. तुझा बाप बघत बसायचा त्यास्नी. म्हटलं, नीट पाणी द्यावं."

"मीच सांगायला पायजे होतं, अव्वा."

"जन्मभर प्याला की तो ह्या घागरीचं. आणि ह्या रबराच्या फुलास्नी चालत न्हाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "नसंल चालत. समुद्रात कोण घागर घिऊन जातंय."

तेव्हापासून घरात दोन प्रभू झाले. तो दुकानात गेला की ती टाकीपाशी उठबस करायची. छत्रीवरून मेणासारखी साय सुटली तेव्हा तिनं मला हाक मारून खाली बोलावलं. ते मेलं, असंच तिला वाटलं. प्रभूनं सांगितलं, ते कात टाकतंय. छत्री सावरली. मुठी मात्र एकेक करून विरघळत गेल्या. पाणी नासू नये म्हणून तो त्या नळीनं ओढून काढायचा. त्या वेळी सुंदरम्मा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

टाकीतल्या दगडाच्या मागं मुठींचा एक देठ उरला. तो मिटला होता, पण विरघळत नव्हता. त्याच्यासाठी दोघं काचेला चिकटून असत आणि भुवनेश्वरी दोघांना वेगवेगळं जेवायला वाढी.

काल सकाळी मला खालून हाक आली. उतरलो तर सुंदरम्मा खुर्चीच्या टोकावर. देठाच्या शेंड्याला बोटं फुटली होती. उघडली. मिटायला वेळ लागला. मग मिटली. पुन्हा उघडली.

शेजारी पांढरा कॅन ठेवला होता. त्यावर भस्माचे तीन पट्टे.

"अव्वा, हे आत गेलं म्हणजे?" प्रभू फडकं शोधू लागला.

"बाहीरनं लावलंय. मला कळत न्हाय व्हय?"

फडकं सापडलं. तो ते हातात घेऊन कॅनपाशी वाकला, मग सरळ झाला, मग पुन्हा वाकला. शेवटी त्यानं पट्टे तसेच ठेवले आणि झाकण तेवढं घट्ट आवळलं.