कवडशाची शेड

आमचे भावजी रंगाच्या दुकानात शेड जुळवून देतात. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणो नाहीतर भिंतीचा टवका, ते थेंबाथेंबानं रंग घालत हुबेहूब तोच रंग करून देणार. घरात मात्र कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, एका खोलीत, मुलगा कानांत बोंडं खुपसून दुसऱ्या खोलीत, भावजी हॉलमध्ये टीव्हीसमोर. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत एवढ्या हौसेनं घर घेतलं आणि राहत होते लॉजवर उतरल्यासारखे.

भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडण असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं. ताई नुसती आटत गेली. एक दिवस फोनवर म्हणाली, "मी तुझ्याकडे येते राहायला. कायमची. त्यांना सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

माझं डोकंच सणकलं. मी दुकानात जाऊन भावजींना फैलावर घेतलं. ते खाली मान घालून डबा ढवळत राहिले. मग म्हणाले, "रविवारपर्यंत थांबायला सांग तिला. मला एक सुचलंय."

मध्यंतरी ते तापानं घरी पडून होते. दुपार कलल्यावर ताई हॉलमध्ये आली आणि खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. समोरच्या इमारतीच्या काचेवरून उलटलेलं ऊन त्या पांढऱ्या भिंतीवर थोडा वेळ पडतं. कवडसा हलत होता, ताई बघत होती. "हसत होती रे ती," भावजी म्हणाले. "किती वर्षांनी पाहिलं मी."

कुणीही शहाणा माणूस दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसला असता. ताई चहा टाकायला आत गेली तेवढ्यात आमच्या या गृहस्थानं कवडशाला शेडकार्ड लावून पाहिलं.

रविवारी ताईला जेवायला बोलावून घराबाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं. खोटं कशाला सांगू, मलाही आशा वाटत होती. दुपारी परत आलो तर अख्खी भिंत उन्हाच्या रंगाची. रंग इतका अचूक की मी बघतच राहिलो. भावजींनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मुलगासुद्धा खोलीतून बाहेर येऊन उभा होता.

"बस," भावजी म्हणाले. "आता दिवसभर राहील."

दोघं बसले. उन्हाची वेळ झाली. ऊन आलंही असेल, पण कळेना. पिवळ्यावर पिवळं, कवडसा दिसणार कुठे? ताई भिंतभर नजर फिरवत शोधत राहिली. सगळा जन्म रंगात गेलेल्या माणसाच्या तेव्हा लक्षात आलं.

"उद्या परत पांढरा मारतो," ते घाईनं म्हणाले. "एका हातात नाही झाकणार, पण दोन हातांत होईल."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

"एवढं एकच माझं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी मला पाहिलंत ना? मग हाक का नाही मारलीत?"

भावजी नखानं भिंतीवरचा रंग खरवडून बघायला लागले.

बॅग भरलेलीच होती. मी उचलली. मुलानं दार धरलं, पण थांब म्हणाला नाही. अर्ध्या जिन्यात ताईनं विचारलं, "तुझ्या घरी दुपारचं ऊन येतं का रे?"

माझं घर मागच्या बाजूला, दोन इमारतींच्या बोळात आहे.

"येतं की," मी म्हणालो.