स्वातीच्या क्लासची उगवण

आमच्या गल्लीत किस्से साठवायला डबा लागत नाही, ओटा पुरतो. संध्याकाळी चार जणी सूप घेऊन बसल्या की निवडलेले दाणे कमी अन् किस्से जास्त! पण स्वातीच्या क्लासचा शेवट मला ओट्यावर न्हाई, जीपमध्ये कळला. तोही अर्धाच.

बहिणीच्या सुनेच्या बाळंतपणाला मी पंधरा दिवस टेंभुर्णीला गेल्ते. जाफराबादला परत येताना मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"आबांच्या स्वातीनं क्लास सोडला म्हणं. अन् आता रोज सकाळी घरी माणसं येऊन राह्यलीत, ती..."

इतक्यात फाटा आला अन् दोघी उतरल्या! खरं सांगते, माझाही एक पाय जीपच्या बाहेर गेल्ता. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जाफराबाद अजून लांब हाय!"

स्वाती म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आबांची पोरगी. जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स. तिला परदेशात नर्स व्हायचं होतं, अन् त्यासाठी तिथल्या लायसनची परीक्षा द्यावी लागते. आबांनी बजावलं होतं, "एक डाव दे परीक्षा. जमलं न्हाई तर टेंभुर्णीचं स्थळ पक्कं." म्हणजे क्लास चुकला की सगळंच चुकलं. सकाळी माणसं येतात म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं पोह्यांच्या बश्याच आल्या!

*

क्लास निवडताना अख्खी गल्ली कामाला लागल्ती. पत्रकं आमच्या ओट्यावर पसरली होती. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांनी एक पत्रक उचललं. "हा घ्या. स्टँडच्या बराबर समोर हाय. उतरलं की क्लास!"

"अन् शिकवतात कसं?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? पण शेवटची गाडी चुकणार न्हाई!"

*

मंग आबा स्वतः जालन्याला त्या क्लासमध्ये गेले. आबांची एक सवय आहे. पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, अन् किती उगवले ते बघूनच पेरायचं. पिशवीवरचं लेबल त्यांना बिलकुल पटत नाही.

क्लासच्या भिंतीवर पास झालेल्या पोरींचे फोटो होते. सर म्हणाले, "या सगळ्या आपल्याच!"

आबा म्हणाले, "उगवलेले दिसले. पेरले किती होते?"

आबांनी तीनदा विचारलं अन् सरांनी तीनदा चहा मागवला!

तरीही नाव त्याच क्लासमध्ये घातलं. स्टँडच्या समोर होता ना!

*

नाव घातलं त्याच उन्हाळ्यात स्वातीला मोबाईलवर दुसऱ्या एका क्लासचा एक दिवस फुकट बघायला मिळाला. तेव्हा रेंज फक्त आमच्या गच्चीवर यायची. आम्ही कुरडया घालत होतो अन् ती कोपऱ्यात मोबाईल धरून उभी. मोबाईलमधल्या मॅडमनी विचारलं, चार पेशंट एकदम आलेत, आधी कुणाकडं जाणार?

मी म्हटलं, "ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याच्याकडं!"

स्वाती एवढी हसली की मोबाईल कुरडयांत पडला. "न्हाई ओ काकू! जो ओरडून राह्यला त्याचा श्वास तरी चालू हाय. जो एकदम गप पडलाय, त्याला आधी बघायचं." मंग हळूच म्हणाली, "जालन्याला नुसती उत्तरं पाठ करून घेतात. या मॅडम 'का' ते विचारतात."

तिची आई, सुमनबाई, खाली मान घालून बसली होती. पोरीच्या जाण्यावर ती कधी हो म्हणाली नाही की नको म्हणाली नाही. मी टोकलंच, "सुमनबाई, तुमचं काय मत?"

"कुरडई उलटायला झाली," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्याची आता फार आठवण येते. आता कुरडया मी एकटीच घालते. रेंज मात्र खाली घरातसुद्धा फुल्ल येते.

*

तर टेंभुर्णीहून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे म्हणाले, "मी फिरायला जाऊन येतो." गुडघे दुखतात म्हणून पाण्याला न उठणारा माणूस! मी वाटी घेतली अन् विरजण मागायच्या निमित्तानं आबांच्या दारात उभी राहिले.

क्लास सोडला होता, ते खरं. जालन्याचा सोडून ती मोबाईलवरच्या मॅडमकडं गेल्ती. सकाळी माणसं येत होती, तेही थोडंफार खरं. फक्त ते माणूस एकच होतं, अन् माझ्याच घरचं!

खुर्चीत आमचे हे, पायाला टॉवेल गुंडाळून "मेलो, मेलो" करत होते. जमिनीवर आबा पोट धरून लोळत होते. अन् बाजेवर सुमनबाई, भिंतीकडं तोंड करून गप.

स्वाती हातात मॅडमच्या सरावाची वही घेऊन, पेशंट तपासायला आत आली. दोघांना ओलांडून सरळ बाजेवर जाऊन बसली. आईचं मनगट धरलं.

"आई, काय होतंय?"

सुमनबाईनं पदर डोक्यावर ओढला. मंग भिंतीकडंच बघत म्हणाली, "मला काई झालं न्हाई. तू पास हो अन् जा."

स्वातीनं मनगट सोडलं नाही.

मागून आबा ओरडले, "अगं, इकडं मी मरून राह्यलो ना!"