ईस्टरसाठी दिलेली रजा

“सर, एवढंच सांगा. माझ्या नावापुढे काय लिहिलंय?”

विल्फ्रेड लोपीसचा फोन वसईहून होता. मी बहारीनमध्ये, अदलियातल्या ऑफिसखाली गाडीत बसलो होतो. एसी चालू असूनही शर्ट पाठीला चिकटला होता. दुसऱ्या देशातल्या एका शाळेने त्याला ऑफर दिली होती आणि आमचा रेफरन्स घेतल्यावर मागे घेतली होती. कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं. मीच लिहिलं होतं.

इथे शाळा चालवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघतो. आखातात आमच्या बऱ्याच शाळा आहेत आणि सगळ्यांचं मिळून एक सेफगार्डिंग रजिस्टर आहे. मुलांना इजा केल्याची किंवा त्रास दिल्याची तक्रार ज्याच्यावर येते त्याचं नाव त्यात चढतं. याला आम्ही फ्लॅग म्हणतो. फ्लॅग लागलेल्या माणसाला आमची कुठलीच शाळा घेत नाही. बाहेरच्या कुणी विचारलं तर ‘शिफारस करत नाही’ एवढंच कळवतो. असं रजिस्टर हवंच. मुलांना त्रास देणारी माणसं शाळा बदलत फिरतात. मला दोन मुली आहेत. हे मी मनापासून म्हणतोय.

विल्फ्रेड आमचा स्विमिंग कोच होता. तिसरीतल्या एका मुलीच्या दंडावर बोटांचे वळ उठले. आईने विचारलं, “कुणी केलं?” मुलगी म्हणाली, “विल्फ्रेड सरांनी.” आईवडील शाळेत आले. “पोलीस नकोत, मुलीची फरफट होईल. पण हा माणूस इथे दिसता कामा नये.”

नियमाप्रमाणे मी प्रकरण बाहेर, म्हणजे सरकारच्या बालसंरक्षण विभागाला, कळवायला हवं होतं. मुलीचं आणि त्याचं, दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐकून घ्यायला हवं होतं. मी आखातात एचआरवाले करतात तेच केलं. त्याला रजेवर पाठवलं. इकडे केस झाली तर ट्रॅव्हल बॅन लागू शकतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्यापेक्षा माणूस घरी बरा. मग रजेतच व्हिसा कॅन्सल होतो आणि कुणालाच कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मला वाटत होतं, मी त्याला वाचवतोय.

तक्रार काय आहे तेही मी त्याला धड सांगितलं नाही. “विल्फी, एक पालक नाराज आहेत. ईस्टर घरी करून ये. तोवर निवळेल.”

“थँक्यू सर. तुम्ही आहात म्हणून,” तो म्हणाला.

तो गेला, चौकशी तिथेच थांबली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: ‘चौकशी सुरू असताना कर्मचाऱ्याने देश सोडला.’ त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

हे वाक्य मी त्याला फोनवर वाचून दाखवलं.

“सोडला? सर, तिकीट तुम्ही काढून दिलंत.”

मग त्याने विचारलं, तक्रार कसली? मी वळांबद्दल सांगितलं.

“उठले असतील वळ. दंडाला धरूनच ओढली मी तिला. खोल बाजूला गेली होती.”

“रिपोर्ट का केलं नाहीस?”

“चुकलं. पण पाण्यात हे होतच असतं, सर. तुम्ही एकदा विचारायचं तरी.”

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, कळेना. खरा गुन्हेगारही हेच सांगेल.

दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजर नायर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“सावंत, वो मॅटर तो खलास हो गया ना?”

“मॅटर खलास नहीं हुआ, सर. सिर्फ आदमी चला गया.”

“वसई का है ना? तुम लोग सब एक.”

विल्फ्रेड माझ्या भाषेचा नसता तर मी त्याचा फोन उचलला असता का, हे मला आजही माहीत नाही.

“और बच्ची ने कुछ और बोल दिया तो? बाहर रिपोर्ट नहीं किया, ये किस पर आएगा?”

“मुझ पर, सर.”

“सोच लो. तुम्हारा व्हिसा भी हमारे पास है.”

विचार करायला गेलो असतो तर पुन्हा कुणाला तरी रजा दिली असती. मी त्याच दिवशी प्रकरण बाहेर कळवलं, माझ्या चुकीसकट. मुलीशी बोलायला शाळेबाहेरची काउन्सेलर आली. आई नाखुशीनेच तयार झाली.

मी बंद दाराबाहेर बसून होतो. मुलीने काही भयंकर सांगितलं, तर एका गुन्हेगाराला मी तिकीट देऊन दुसऱ्या मुलांकडे पाठवलं होतं. आणि तसं काही नसेल, तर एका निर्दोष माणसाची भाकरी मी काढून घेतली होती. कोणतंही उत्तर आलं तरी ते माझ्याच दाराशी येणार होतं.

दार उघडलं. काउन्सेलरने आईसमोरच सांगितलं. “काय झालं ते सगळं सांग” असं म्हटल्यावर मुलगी म्हणाली होती, “आय वॉज गोइंग डाऊन. सर पुल्ड मी.”

हे आधी का नाही सांगितलंस, असं काउन्सेलरने विचारलं होतं.

“मम्मा ओन्ली आस्क्ड हू.”

मी तर ‘हू’सुद्धा विचारलं नव्हतं.

तेव्हाचा लाइफगार्ड आता सित्रातल्या एका क्लबवर होता. त्यानेही हेच सांगितलं. बाहेरची चौकशी पूर्ण झाली, फ्लॅग निघाला. मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली.

मी विल्फ्रेडला फोन केला. माफी मागितली. परत येतोस का, विचारलं.

“नको सर. इथे रिसॉर्टवर लागलोय. फक्त मोठ्यांचा पूल.”

“मुलांना शिकवणार नाहीस?”

“परवा एक पोरगं आईचा हात सोडून पाण्यात पडलं. काढलं मी, ठीक आहे. पण सर, उडी मारायच्या आधी मी कॅमेरा कुठे आहे ते बघितलं.”

आता आमच्याकडे नियम आहे: तक्रार आली की ती बाहेर कळवायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि ऐकल्याशिवाय कुणाला रजा द्यायची नाही, फ्लॅग कायम करायचा नाही. नियमाचा मसुदा मीच केला. लिहिणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.