कडीवर ओतलेलं पाणी

गोरेगावच्या नाक्यावरून आरेच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि सुलक्षणाने पहाटेपासून एकदाही 'दिगंबरा' म्हटलं नव्हतं.

आमच्या गोराईच्या दत्तमंदिराची पालखी दर दत्तजयंतीला मुलुंडच्या दत्तमंदिरात पायी जाते. पहाटे पाचला निघायचं आणि संध्याकाळी सहाच्या जन्माला पोचायचं. क्रम ठरलेला आहे. पुढे पालखी. तिच्या मागे दोर धरलेले आठ पुरुष आणि त्यांनी ओढलेली सामानाची गाडी. गाडीवर पाण्याची पिंपं, सुंठवड्याचे डबे, जनरेटर, सतरंज्या. आणि गाडीच्या मागे आम्ही पंधरा-सोळा बायका टाळ घेऊन. पालखीच्या पुढे बायकांनी चालायचं नाही, अशी जुनी रीत आहे. सुलक्षणा मात्र आमच्यात नव्हती. ती गाडीच्या बाजूने मान तिरकी करून चालली होती.

मी टाळ शेजारणीकडे दिले आणि तिला गाठलं.

"काय गं, मौनाचा नवस बोललीस की काय?"

"गप. ऐक."

मला काहीच ऐकू येईना. मग चाक खड्ड्यात आदळलं आणि पुढे, दोर बांधला होता तिथे, बारीक आवाज झाला. टक. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

"हा?"

"हाच. कांदिवलीपासून येतोय. आधी पाच-सहा खड्ड्यांत एकदा येत होता. आता प्रत्येक खड्ड्याला."

तिच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरातली हवा, झाडांची सावली, आणि घाम.

ती गाडी तिनेच केलेली होती, तिच्या घरी. गोराईत आमची म्हाडाची बैठी घरं आहेत. पुढच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकून कुणी दुकान काढलं, कुणी भाड्याने दिलं. सुलक्षणाने गॅरेज केलं. नवऱ्याची, सुशांतभावोजींची, स्कूटर एका कडेला आणि बाकी सगळं हिचं: वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, लोखंडाचे अँगल. तिचे वडील कणकवलीकडचे, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी गेली तशी त्यांनी दहिसरला खिडक्यांच्या ग्रिलचं काम सुरू केलं. मुलगा नव्हता, मुलगी होती. ती सातवीत असताना अँगल धरायला उभी राहिली आणि दहावी होईतो त्यांच्यापेक्षा सरळ जोड मारायला लागली. वडिलांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट ती अजून ड्रेसवर चढवते. काम सुरू करताना वेल्डिंगचा होल्डर एकदा कपाळाला लावते आणि मग काच डोळ्यांवर ओढते. आमच्या वस्तीत जितक्या खिडक्या आहेत, त्यातल्या अर्ध्यांना तिचे गज आहेत.

तिचा एकच दोष. तिला कुणाला नाही म्हणता येत नाही. एका गिऱ्हाइकाने तिच्याकडून फाटक तीनदा बदलून घेतलं, का, तर बायकोला कमळं आवडेनात. हिने तीनदा कापलं, तीनदा जोडलं. मी म्हटलं, "तोंड नाही का तुला?" तर म्हणाली, "आहे गो. पण ते जेवायला."

गेल्या वर्षी सामानाचा टेम्पो आलाच नाही. माणसं पाण्यावाचून पवईपर्यंत चालली, दोघींना चक्कर आली. तेव्हा मंडळाने ठरवलं, आपली गाडी करू. मोटारीला जोडायची तर कागदपत्रं आली, आरटीओ आलं, म्हणून हाताने ओढायची. देवाची गाडी हाताने ओढलेली बरी, असं मलाही वाटलं. सुलक्षणा म्हणाली, मी करते. आमचे अध्यक्ष अनिरुद्धकाका म्हणाले, "बघ हां सुलक्षणा. ग्रिल भिंतीला टेकून उभी असते. गाडी चालते."

"चालवून दाखवते, काका."

श्रावणापासून ती लागली होती. भंगारातून मारुती व्हॅनची मागची दोन चाकं दांड्यासकट आणली. अँगलची चौकट जोडली. पुढे लांब दांडी, दांडीखाली टेकू म्हणून एक छोटं चाक आणि दांडीच्या टोकाला दोर बांधायची कडी. ही कडी तिने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यातून वळवली होती. सगळा भार तिच्यावर येणार म्हणून.

"हा पाटा म्हणजे तापट माणूस," ती मला म्हणाली होती. "याला जोडायच्या आधी कोमट करायचा आणि जोडल्यावर हळूहळू निवू द्यायचा. घाईने गार केला तर वरून शांत, आतून तडा."

त्यासाठी तिने पत्र्याचा एक डबा कोरड्या राखेने भरून ठेवला होता. कडी जोडली की दांडीचं टोक त्या राखेत पुरायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं.

पण कडी जोडायच्या संध्याकाळी आमच्याकडची वीज गेली. ते काम पूजेच्या दिवशी सकाळवर आलं. मुहूर्त अकरा चाळीसचा होता. अकरा वीसला तिचा जोड पुरा झाला आणि तिने टोक राखेत घातलं. सगळी वस्ती जमलेली. काका आले, बघतात तर देवाच्या गाडीच्या तोंडाशी राख. म्हणाले, "हे काय अभद्र! काढा तो डबा." कुणीतरी डबा काढला, कडी फडक्याने झटकली. मागून मी पूजेचं ताट घेऊन आले. पूजा माझ्याकडे असते. चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि सगळी गाडी जिथून ओढली जाणार त्या कडीवर नारळाचं पाणी ओतलं.

चर्र झालं. वाफ वर आली. सगळ्यांनी 'श्रीगुरुदेव दत्त'चा गजर केला. कुणीतरी म्हणालं, देव पाणी प्यायला. माझ्या अंगावर काटा आला, मला धन्य वाटलं. सुलक्षणाने तोंड उघडलं होतं, ते मी पाहिलं होतं. तिने ते परत मिटलं, तेही पाहिलं होतं. मला वाटलं, तिलाही भरून आलं.

त्या वाफेचा खरा अर्थ तिने मला आरेच्या रस्त्यावर चार वाक्यांत समजावला.

"म्हणजे मी तोडली ती?"

"तुटलेली नाही अजून."

"तेव्हा का बोलली नाहीस?"

"पन्नास माणसं हात जोडून उभी होती. मी काय म्हणणार, थांब, देवाला पाणी नको?"

"मग नंतर दुसरी जोडायची!"

"पूजा झालेली कडी कापू दिली असती काकांनी? आठवडाभर रोज तपासत होते गं. काही दिसलं नाही. वाटलं, सुटलो."

चढाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. तिने जनरेटरच्या कॅनमधलं डिझेल चिंधीवर घेऊन जोडावर चोळलं. दहा मिनिटं तशीच उकिडवी बसली. मग कोरडं पुसून काढलं आणि मला म्हणाली, "तुझी रांगोळी दे." घरी ती खडू घासते. चीर असली तर आत शिरलेलं डिझेल पांढऱ्यावर उमटतं. मी चिमूटभर रांगोळी त्या कडीच्या मुळाशी भुरभुरली. दोघी बघत बसलो.

आधी काहीच नाही. मग केसाएवढी काळी रेघ ओली होत गेली. डावीकडून सुरू झाली आणि अर्ध्या जोडापर्यंत आली.

"सांग जा," मी म्हटलं. "आत्ता सांग."

ती काकांकडे गेली. मी मागेच होते. ती म्हणाली, "काका, चढ आहे, जरा पिंपं उतरवूया का? मागून दुसऱ्या फेरीत नेऊ."

काकांनी घड्याळ बघितलं. "आधीच अर्धा तास उशीर झालाय. जन्म काय आपल्यासाठी थांबणार आहे? आठ जण आहेत, ओढतील."

"बरं," ती म्हणाली.

नुसतं बरं! मी तिचा दंड धरला. "चिरेचं का नाही बोललीस?"

"बोलते गं. वर गेल्यावर बोलते. एवढा चढ निघाला की झालं."

"आणि नाही निघाला तर? मागे पंधरा बायका आहेत, सुलक्षणा."

तिने गाडीवरचा लाकडी ठोकळा उचलला, चाकाखाली घालायचा, आणि तो छातीशी धरून मागच्या चाकाजवळ जाऊन उभी राहिली. आठ पुरुषांनी दोर खांद्यावर घेतला. पालखी हलली. 'दिगंबरा दिगंबरा' सुरू झालं.

मी तिच्या शेजारून चालले. नामस्मरण करावं म्हटलं तर ओठांवर येईना. मनात एकच: दत्तगुरू, माझ्या हातून झालंय, या बायकांवर नको. मागे वळून बघितलं. पुढच्याच रांगेत आमच्या वस्तीतली श्रुतिका, तिच्या कडेवर वर्षभराची पोर. टाळांच्या ठेक्यावर पोरीला झुलवत हसत होती. गाडीचं मागचं फळकूट तिच्यापासून चार हातांवर.

टक.

वळण आलं. रस्ता अजून चढा झाला. पुरुषांच्या पोटऱ्या ताणलेल्या. दोर तारेसारखा ताठ.

टक. टक. मग एक वेगळाच आवाज, लांब, दार करकरावं तसा.

"थांबा!"

तो आवाज मी सुलक्षणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. टाळ बंद पडले. तिने वाकून ठोकळा चाकाखाली सारला, वर टाच मारून पक्का केला, गाडीवरचा दुसरा ठोकळा ओढून पलीकडच्या बाजूला धावली आणि तिथेही घातला. "बायका बाजूला! गाडीच्या मागून बाजूला व्हा! श्रुतिका, हो बाजूला मेले, बघतेस काय!"

बायका गटाराच्या कडेला सरकल्या. काका घामाघूम होऊन मागे आले. "काय झालं? कुणाला लागलं?"

"कडी चिरली आहे, काका."

"कुठे चिरली आहे? आहे की जागेवर."

"चिरली आहे. चहाच्या वेळीच बघितली मी."

"मग तेव्हा सांगायचं! आता भर चढावर?" ते ओढणाऱ्यांकडे वळले. "मुकुल, जरा जोर लावून बघा रे. उगाच घाबरवून सोडते."

मुकुल आणि बाकीच्यांनी दोराला हिसका दिला. फाट्कन आवाज झाला. आठच्या आठ जण एकमेकांवर पालथे पडले आणि दोराच्या टोकाला कडी रस्त्यावर घणघणत घरंगळली. गाडी इंचभर मागे आली, ठोकळ्यांवर चढल्यासारखी झाली आणि थांबली. पिंपांतलं पाणी हिंदकळून खाली सांडलं, जिथे मघाशी श्रुतिका उभी होती तिथे.

मुकुलचा गुडघा फुटला होता. तो उठून पँट झटकत म्हणाला, "बायकांनी वेल्डिंग केलं की असंच होणार, यार."

माझ्या तोंडात आलंच होतं, पाणी मी ओतलं म्हणून. सुलक्षणाने मागून माझं बोट धरलं, घट्ट. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जोड माझा. कच्चा राहिला."

मग ती रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरली. दोर चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधले, गाठी ओढून बघितल्या. काकांनी बाकीच्या बायकांसह पालखी पुढे नेली, जन्म चुकायला नको म्हणून. मागे गाडीपाशी मुकुल आणि चौघे राहिले. आधी रिकामी गाडी वर, मग हातांनी पिंपं, असं करत दीड तासाने चढ निघाला. मुकुल पुन्हा काही बोलला नाही. पवईला त्याने आपणहून तिला पाण्याची बाटली दिली.

भांडुपला पोचलो तेव्हा उन्हं भिंतींवरून उतरली होती. आम्हाला उशीर होणार हे नक्की होतं. बाकीचे गाडी ओढत होते, आम्ही दोघी मागे. आता मागे चालायची भीती नव्हती.

मी म्हटलं, "मुलुंडला आरती झाली की मी सगळ्यांसमोर सांगणार. पाणी मी ओतलं, डबा काकांनी काढायला लावला."

"सांग. तुला हलकं वाटेल. पण माझं त्याने भागत नाही."

"म्हणजे?"

"कडी माझ्या ओळखीची होती, शुभा. तुमच्या नाही. तुम्हाला काय ठाऊक असणार? थांबा म्हणायचं काम माझं होतं."

"म्हणालीस की आज."

"कडी करकरायला लागल्यावर! त्याला काय अर्थ? चहाच्या टपरीवर बरं म्हणून आले मी. ती पोर होती ना मागे, श्रुतिकाच्या कडेवर... बाबा सांगायचे, भीड भिकेची बहीण. मी हसायचे."

मी तिच्या शर्टाच्या बाहीवरची रस्त्याची धूळ झटकली. तिने झटकू दिली.

सिग्नलला गाडी थांबली तशी ती माझ्याकडे वळली.

"रविवारी नवीन कडी जोडणार आहे. सकाळी. येशील?"

"येईन की. काय आणू?"

"ताट नको आणू. नुसती ये, गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बस. कडी राखेत असेल. संध्याकाळपर्यंत कुणी आलं, काका आले, गुरुजी आले, मुहूर्त म्हणाले, काय वाटेल ते म्हणाले, तर तू नाही म्हण. मला नाही जमत गं अजून. माझ्या वतीने तू म्हणशील?"