आबांची औटकी

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. लकव्यानंतर आबा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षं पिंप्राळ्याच्या घरी खाटेवर होते. ना हात हलत, ना जीभ. पापण्याही मिटलेल्याच. डॉक्टर म्हणाले, यांना काही कळत नसावं. मग काय, आम्ही त्यांच्यासमोर काहीही बोलायचो. आल्यागेल्याला मी खाटेशेजारीच सांगायचो, आता सुटले तर बरं.

माझा मामेभाऊ धुळ्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. एका रविवारी तो डोक्याला बांधायचा कापडी पट्टा घेऊन आला. मला वाटलंच, याला प्रयोगाला फुकटचा माणूस हवाय. पट्ट्याला आतून चांदीच्या टिकल्या, त्यांच्या वायरी एका डब्यात, डब्यावर लाल दिवा.

“सुई नाही, भोक नाही,” तो म्हणाला. “डोकं निवांत असलं की दिवा लागतो, चालवलं की विझतो. आबा, हो म्हणायचं असेल तर मनात औटकी म्हणा. नाही तर निवांत पडा.”

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. गावात तो फक्त आबांना यायचा, तोही कपाळाला आठ्या घालून.

दिवा नुसता लुकलुकत राहिला. मी म्हटलं, “यापेक्षा नंदीबैल बरा, मान तरी नीट हलवतो.” मामेभावाने आबांच्या केसांत बोटं घातली, तर ती तेलाने थबथबली. तारांनी डोकं तापू नये म्हणून आईने वाटीभर खोबरेल जिरवलं होतं.

“डोकाले तार लावतस, तपी जाई ना,” ती म्हणाली.

तेलावर टिकल्या धरत नाहीत म्हणे. मला ती सबबच वाटली.

पुढच्या रविवारी आईने शिकेकाईने आबांचं डोकं धुतलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मामेभावाने विचारलं, “हे तुमचंच घर ना?” विझला, म्हणजे हो. मी म्हटलं, हा बोटाने काहीतरी करतोय. त्याला सरळ बाहेर ओट्यावर बसवलं, दार लावलं आणि स्वतः विचारलं.

“आपल्या मळ्यात ऊस आहे?” दिवा तसाच.

“केळी?” विझला.

आनंद व्हायला हवा होता. मी दार नीट लागलंय ना, ते बघून आलो.

“आबा,” मी हळूच विचारलं, “मी इथं बसून जे बोलायचो, ते ऐकू यायचं?”

दिवा विझला. तरी मी आधी वायर ओढून पाहिली. घट्ट होती.