मीटरबाई

"बॅटरी मेली" हे माझी बायको कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नसे. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला आमचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक गाडी ढकलत यायचं आणि म्हणायचं, "काकू, नवी बॅटरी टाकून द्या." ती मीटर घेऊन उठायची. "मेली का उपाशी हाये, ते पाहू दे आधी. माणसाले बी पाह्यल्याबिगर जाळत नाही कोणी."

लोक तिला मीटरबाई म्हणत. जवळच्या बंजारा तांड्यावरची पोरं याडी म्हणत, म्हणजे आई. ती त्याच तांड्यावरची. तोंडाला लगाम नव्हता. माझ्याही नाही, म्हणून निभलं.

चार्जिंग तपासणं हे दोन माणसांचं काम. एकानं गाडी चालू ठेवून रेसची मूठ पिळायची, दुसऱ्यानं बॅटरीला मीटर लावून व्होल्टचा आकडा वाचायचा. मूठ माझ्याकडे, आकडा तिच्याकडे. मी विचारायचो, "किती?" ती "चौदा" म्हणाली की गाडी ठीक. "बारा" म्हणाली की बॅटरीच्या पोटात काही जातच नाही. मग वायरी, रेग्युलेटर, मॅग्नेटची कॉईल, असं मागं मागं शोधत जायचं. दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच. संसार त्यावरच झाला.

पाना लावायच्या आधी ती मालकाला धरायची. "गाडीले नवीन काय केलं?"

"काहीच नाही, काकू."

"मंग तुही गाडी काय झोपेत बिघडली?"

मग हळूच निघायचं. कोणी ट्रकचा हॉर्न बसवलेला, कोणी चार जास्तीचे लाईट. एका नवरदेवाला ती म्हणाली होती, "गाडी हाये का मांडव? बॅटरीनं कोणाकोणाले जेवू घालावं?"

पोळ्याच्या आधी ती गेली. छातीत दुखलं म्हणाली, ऑटो दारात येईपर्यंत संपलं. तपासायला वेळच मिळाला नाही.

दिवाळीनंतर मुलगा नागपूरहून आला, पिशवीत नवं कुलूप घेऊन. "बाबा, दुकान बंद करा अन् चला माह्यासंग. मीटर कोण वाचन आता?"

मी म्हटलं, "एक गाडी एकट्यानं करून पाहतो. नाही जमली तर लाव तुहं कुलूप."

गाडी आली रामधन दूधवाल्याची. दुसरीकडे दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. मी मूठ पिळून ट्यूबच्या पट्टीनं बांधून टाकली. मुलगा म्हणाला, "मी धरू का?"

"हात लावू नको."

मीटर लावला. बारा. कॉईलच्या तिन्ही पिवळ्या वायरी तपासल्या, बरोबर होत्या. रेग्युलेटर नवा लावून पाहिला. पुन्हा बारा. मुलगा पिशवी जवळ ओढून बसला. मी तिच्या स्टुलावर बसलो. गुडघे दुखत होते.

रामधन गाडी न्यायला आला. त्याला पाहून माझ्या तोंडून निघालं, "गाडीले नवीन काय केलं?"

"काहीच नाही, काका."

"मंग तुही गाडी काय झोपेत बिघडली?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "दसऱ्याले चासी रंगवली फक्त."

मी टाकी उतरवली. रेग्युलेटरची अर्थिंगची वायर चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडाला टेकायला पाहिजे. ती टेकली होती रंगावर. पेंटरनं बोल्टाखालीही ब्रश फिरवला होता. जुना रेग्युलेटर परत बसवला आणि लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासलं. मूठ बांधली. मीटर लावला.

"किती?"

सवयीनं निघून गेलं. मुलगा आकडा वाचायला पुढं वाकला, त्याला मी हातानं अडवलं. चष्मा पुसून लावला आणि स्वतः वाचलं.

"चौदा."

मुलगा दुसऱ्या दिवशी एकटाच नागपूरला गेला. कुलूप त्याचं त्याला परत दिलं.